लोलो

मारोआंत्सेत्राला, लवंगा वाळत घातलेल्या अंगणामागे
वुआहिराना पंख निवडत बसते.
डाव्या हाताला लिंबावरचं फुलपाखरू,
काळ्या लुगड्याला हळदीचे हात पुसावेत तसं.
त्याच्या अळ्यांनी तिची दोन रोपं बोडकी केली,
तरी त्याला शिव्या ती हळूच देते.
उजव्या हाताला तो दुसरा:
हिरवा, तांबडा, मोरपिशी, शेपट्यांना पांढरी झालर,
भर दुपारी उडणारा, विषारी पाला खाऊन वाढलेला.
कुणीही म्हणेल, फुलपाखरू तर हेच.

तो पतंग आहे.

तिच्या बोलीत दोघांना शब्द एकच, लोलो,
म्हणून फरक ती बोटानं दाखवते.
ह्याच्या मिशीला टोकाशी गाठ, आगकाडीसारखी.
त्याची निमुळती होत होत
कुठे संपली ते कळतच नाही.
मग चिमटीत धरून चोळते.
लिंबावरच्याचा पिवळा बोटाला लागतो, पिवळाच राहतो.
पतंगावर स्पिरिटचा एक थेंब,
आणि सगळा थाट मातकट.
"थांब," म्हणते, "सुकू दे."
सुकतो. परत येतो, काही झालंच नाही असा.
त्यात रंग असा नाहीच,
उजेड घडी घालून ठेवलाय नुसता.

परदेशी गिऱ्हाइकांना कानातल्यांसाठी पतंगच लागतो,
पावतीवर मात्र फुलपाखरू लिहायला सांगतात.
पतंग म्हटलं की कसर लागलेली लोकर आठवते म्हणे.
ती लिहिते. नगामागे पैसे तेवढेच.

लोलोचा आणखी एक अर्थ आहे.
कामाला आलेल्या नव्या पोरींना तो ती शिकवत नाही.
घरून शिकूनच येतात त्या.

गेल्या साली तोंबो, तिचा धाकटा भाऊ,
लवंगांची पोती घेऊन होडीनं निघाला,
होडी तेवढी परत आली.
आठवड्यानं, रात्री, दिव्यापाशी काहीतरी फडफडलं.
भिंतीवर बसलं, पंख मिटून,
हातभर अंतरावर.
भिंग उशाशीच होतं.

बावीस वर्षं मिशा बघून पोट भरणाऱ्या बाईनं
फुंकर घालून दिवा विझवला
आणि अंधाराला विचारलं,
जेवलास का?