ना हरकत

बँडचं नाव आधी 'खाजण' होतं.
अर्जात ते वाचून ठाण्याचे साहेब विचारायचे,
जागेचा वाद आहे का काही?
तेव्हा रबाळ्याच्या गाळ्यात
(खाली औषधाच्या बाटल्यांची टोपणं बनायची, वर आम्ही)
तथागत म्हणाला, नाव बदलू. 'ना हरकत' ठेवू.
निदान आपल्या कागदावर
ते दोन शब्द एकदा तरी येतील.

मी वाजवत काही नव्हते.
मी अर्ज लिहायचे.
'महोदय, वरील विषयास अनुसरून'
हे इतक्यांदा लिहिलं
की कुंदानं त्याला चाल लावली.
आमचं तेवढं एकच गाणं
कधी कुणी कापलं नाही.

तथागत क्रशरची चाळण वाजवायचा,
तुर्भ्याच्या खाणीत त्याचा बाप
जिच्यापुढे एकवीस वर्षं खोकला, तीच, भंगारातून सोडवलेली.
फैयाज मुकादम मुंब्र्याहून यायचा
आणि गिटारच्या तारांत शिवणयंत्राच्या सुया अडकवायचा.
सूर लागायच्या आधी किरकिरायचा.
कुंदा वैती, दिवा कोळीवाड्याची,
गाताना मध्येच गाणं सोडून
सातबारा वाचायची. गट नंबर, पोटखराबा, सगळं.
पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं.
त्यातली दोन साध्या वेशातली.
खरं सांगते, शेवटपर्यंत बसून
त्या दोघांनीच ऐकलं.

मग संहिता आधी दाखवायची, असं ठरलं.
परत आली तेव्हा तांबड्या रेघा होत्या.
भराव गेला. तिवर गेली. मोबदला गेला.
'त्याऐवजी दुसरा शब्द घाला ना,' साहेब म्हणाले,
चांगल्या मनानं म्हणाले, चहाही मागवला.
कुंदा दुसरा शब्द घालेना.
बोटांवर मोजून आली:
भराव, चार मात्रा.
तिवर, तीन.
मोबदला, सहा.
तेवढ्या मात्रा ती नुसती उभी राहायची
तोंड मिटून, माइकसमोर.
चाळणसुद्धा थांबायची.

घणसोलीत, देवळामागच्या मैदानात,
सहा मात्रांच्या त्या खड्ड्यात
मागून सुकटवाल्या एका म्हातारीचा आवाज आला.
मोबदला.
पुढच्या कडव्याला चाळीसेक आवाज.
नंतर मोजणं सोडलं.
अहवालात लिहिलं होतं,
गायिकेने आक्षेपार्ह काहीही उच्चारले नाही.
खाली वेगळ्या अक्षरात:
मात्र थांबली.

पुढच्या वर्षी अट आली,
गाण्यातील विरामांचा तपशील सादर करावा.
मी बसले लिहायला.
'विषय: सहा मात्रा गप्प राहण्याची
परवानगी मिळणेबाबत.'
साहेब हसले, पोट धरून हसले,
मग हसायचे थांबले
आणि अर्ज खालच्या खणात ठेवला.
पोच दिली नाही.

आम्हाला कुणी मारलं नाही, हेही सांगायला हवं.
फैयाजच्या भावाचं पासपोर्टचं व्हेरिफिकेशन तेवढं अडलं,
आठ महिने.
फैयाज काही बोलला नाही.
सुया उपटून तंबाखूच्या डबीत भरल्या,
डबी माझ्या हातात दिली, म्हणाला,
टोचतील हं, जपून.
गाळ्याच्या मालकाला वर जागा हवी झाली.
तथागत आता नगरसेवकाच्या दहीहंडीला साउंड लावतो,
रात्री एकपर्यंत, काचा हादरतात,
त्याला अर्ज लागत नाही.
त्याच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं.
पण मुलीची फी आहे, आणि साउंड चांगला लावतो.

गेल्या मंगळवारी पत्र आलं.
नऊ वर्षांनी, जुन्याच पत्त्यावर,
टोपणंवाल्यांनी आणून दिलं.
'आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे.'
एवढंच. शिक्का, जावक क्रमांक.
कुंदाला फोन केला, वाचून दाखवलं.
मंजूर की नामंजूर? तिनं विचारलं.
लिहिलेलं नाही, म्हटलं.
ती गप्प झाली.
सवयीनं माझी बोटं मोजू लागली,
चार, पाच, सहा,
तिच्या खिडकीखालून टँकर गेला,
सात,
मी फोन ठेवला नाही.