किल्ल्या

पाच महिने मी सगळ्यांच्या मागे,
पगार सरांच्या खिशातल्या किल्ल्यांबरोबर :
खुळखुळ, खुळखुळ.
पुढची मंडळी सोमेश्वरच्या वळणाला
दिसेनाशी व्हायची, तेव्हा सर म्हणायचे,
घोट्याला घाई नसते गं,
माणसाला असते.

आज गंगापूर गावाच्या अलीकडे
द्राक्षबागेतून फवारणीचा वास आला,
दिवे लागत होते,
श्वास नाकातून तोंडात कधी आला
कळलंच नाही.
पुढे शर्वरीचा पोपटी टी-शर्ट
दोन हातांवर.

आणि एकदम कान रिकामे.

वळून पाहिलं :
सर लांब, खांबाखाली,
कमरेवर हात ठेवून.
घोटा पहिल्यांदाच
मधे काही बोलला नाही.

मी वेग कमी केला नाही.
घरी आल्यावर मात्र
कुलूप उघडण्याआधी
जुडगा उगाच
हलवून पाहिला.