अपुरी माहिती

दर वर्षी सहाव्या आठवड्यात मी हीच केस वाटते.
तेमा बंदर. शीतगृह. अकरा तास वीज नाही.
बाराशे खोकी बांगडे वितळले,
आणि वीज आल्यावर पुन्हा गोठले
जसं काही घडलंच नव्हतं.
शिक्के जुन्या तारखेचे. ट्रक दारात.
तुम्ही मॅनेजर आहात. सही कराल?

विषय: नीती आणि नेतृत्व. तीन क्रेडिटं.

येबोआचा तक्ता देखणा असतो,
डावीकडे तोटा, उजवीकडे प्रतिमा,
प्रतिमेचीही किंमत त्यानं सेडीत काढली आहे,
दोन दशांश स्थळांपर्यंत.
सेलॉर्म म्हणतो, आधी वकिलाला विचारू.
नी ओकाय मागच्या बाकावरून, टाय सैल करत:
नेता तो, मॅडम, जो कठीण निर्णय घेतो.
कुठला, ते तो सांगत नाही.
मी मान डोलावते, फळ्यावर वर्तुळं काढते:
मालक, बँक, ग्राहक, सरकार.
चौथ्या वर्तुळाशी खडू मोडतो. नेहमीच.

एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही
त्या मॅनेजरचं पुढे काय झालं.
(बढती झाली.
मग झोप गेली. मग ती शिकवायला लागली.)

आज देदे लार्तेनं हात वर केला.
तिची आई चोरकोरच्या किनाऱ्यावर
मासे धुरावर वाळवून विकते.
फी भरली त्या दिवशी मी खिडकीपाशीच होते,
नोटांना वास होता,
आणि कारकुनानं त्या बोटांच्या टोकांनी मोजल्या होत्या.

"खोकं उघडून पाहिलं का हो कुणी?
डोळे कसे होते?"

"कुणाचे?" नी ओकाय म्हणाला, आणि वर्ग हसला.

"माशांचे."

एक उघडलं होतं. एकच.
पहाटे, टॉर्च दातात धरून.
मग वरून चिकटपट्टी लावली, दोन पदरी.
झाकलं खोकं सव्वा लाखाचं.
हे केसमध्ये नाही.
केसमध्ये, पान तीन, दुसरा परिच्छेद,
माझ्याच हातचं वाक्य आहे:
व्यवस्थापकाकडे अपुरी माहिती होती.

तेच म्हणायला मी तोंड उघडलं.
बाहेर केंके विकणारी पानं सोडत होती,
तव्यावर काहीतरी चरचरत होतं,
मुलांची मनं केव्हाच तिकडे गेली होती.

"दुधाळ," मी म्हणाले.
"आत गेलेले. दुधाळ."

पंखा फिरत राहिला.
कुणीतरी खुर्ची सरकवली, परत जागेवर आणली.
येबोआनं पेन उचललं:
मॅडम, हे परीक्षेला आहे?

देदे काही लिहून घेत नव्हती.
ती माझ्याकडे बघत होती,
बाजारात तिची आई बघत असेल तशी,
बोटानं कल्ला उचलून,
भाव विचारण्याआधी.