पाच शतांश

इंजिन थंड असावं, असं पुस्तकात लिहिलंय.
लिहिणारा मे महिन्यात चोपड्याला आलेला नसणार.
इथे रात्री अकराला टाकीवर हात ठेवला
तर तापातल्या पोराच्या कपाळासारखी लागते,
आणि मी मनात म्हणते, एकशे एक.
सवय. एकवीस वर्षं नर्स आहे मी.

म्हणून पहाटे चार.
धाब्यावर सगळे निजलेले.
अंगणात गोणपाट, पाने, पाचाचं जाड नाणं
(मॅग्नेटोची टोपी त्यानेच फिरते)
आणि फिलर गेज, अडावदच्या हिलाल मिस्तरीचा.

त्यांचा मोतीबिंदू काढायला मी धुळ्याला नेलं होतं.
पट्टी सुटली, बोटं मोजून दाखवली, मग म्हणाले,
डोया उनात, पन हात गयात.
हात कापत होते.
ज्या हातांनी अर्ध्या तालुक्याच्या झडपा लावल्या
त्यात चहाची बशी वाजत होती.
मग गेज माझ्या पिशवीत टाकला
आणि तीन रविवार बाजूला बसून शिव्या दिल्या.

आता चाक उलट्या हाताने, सावकाश.
खिडकीत टी येतो. समोरच्या खुणेला टेकतो.
घाई करायची नाही. टी दोनदा येतो,
एकदा खरा, एकदा फसवा.
दोन्ही रॉकर हलवून बघायचे,
हलले तर खरा.
अडकलेले असले तर पुन्हा पूर्ण फेरा,
कुरकुर न करता.

सगळ्यात पातळ पाती. पाच शतांश.
केसाहून बारीक फट, तीही मोजून ठेवायची.
काखेतून थर्मामीटर काढताना जेवढं अडतं
तेवढंच अडलं पाहिजे.
इनटेक बरोबर निघाला.
एक्झॉस्टमध्ये पाती शिरेचना.

मला तर वाटत होतं गाडी सुधारलीय.
महिनाभर टिकटिक नव्हती.
वैजापूरच्या चढाला जरा दमायची, एवढंच,
लशीचा डबा मागे, उतारावर पुन्हा बरी.
मिस्तरी सांगायचे,
आवाज करस तो चांगला.
चूप व्हयना का समजी ले, जयी ऱ्हायना.

अकरा दिवस झाले, सुकदेव बोलत नाहीत.
जळगावच्या बदलीचा अर्ज मी भरला नाही म्हणून.
डबा भरून ठेवते, नेतात.
धुऊन आणतात.
शेजारच्या कोकिळाबाई म्हणाल्या,
तुमच्या घरात किती शांतता बाई!

लॉकनट सोडला, स्क्रू पाव फेरा मागे,
आणि पाना निसटला,
इवलासा नट गोणपाटावर उडून कुठे गेला कळेना.
मी गुडघ्यांवर. मोबाईल तोंडात धरलेला.
गाडीखाली, तुळशीच्या विटांत, माझ्याच चपलेत.
एक शिवी मोठ्याने गेली असावी, मिस्तरीचीच.

शिडी वाजली.
बनियन, लुंगी, हातात मोठी बॅटरी.
बराच वेळ नुसते उभे.
मग म्हणाले,
"उजेड कुठे धरू?"

नट त्यांच्याच अंगठ्याखाली होता.

मी स्क्रू धरला, नट आवळला, पुन्हा मोजलं,
कारण आवळताना फट नेहमी बदलते.
बदललीच होती. पुन्हा सोडलं.
तीनदा.
उजेड हलला नाही,
एकदाच, डास मारताना.

पाच वाजता किक.
दुसऱ्या किकला लागली.
टिक टिक टिक टिक,
पत्र्यावर कुणी तांदूळ निवडावेत तशी.
सुकदेवांनी मान वाकडी करून ऐकलं.
"आवाज येतोय अजून."
"येऊ दे."

हात धुवायला नळाला पाणी नव्हतं.
माठातलं घेतलं, निरम्याची चिमूट दोघांत एक.
लसीकरणाच्या जुन्या वहीत, मागच्या पानावर लिहिलं :
इन पाच, एक्झॉस्ट पाच.
किलोमीटर एकाहत्तर हजार चारशे.
बॅटरीचे सेल आणणे.