तपकिरी

मी चित्रकलेचा मास्तर.
रसायनाशी माझं शाळेपासूनच बोलणं नाही.
पण चियातुराच्या या शाळेत जिना एकच,
वर लमाराबाईंची प्रयोगशाळा, खाली माझा वर्ग,
मजल्यावर नळही एकच,
म्हणून त्यांच्या परीक्षानळ्या आणि माझे ब्रश
हिवाळाभर एकमेकांना धक्के देत धुतले जातात.

मार्चात बाई म्हणाल्या,
यंदा प्रदर्शन मिळून करू.
रंग विकत आणायचे नाहीत,
करायचे.

मग काय विचारता!
कुणी लाल कोबी उकळला, वर्गभर वास,
त्यात व्हिनेगर टाकलं की गुलाबी, सोडा टाकला की हिरवट,
कुणी खिळे गंजत घातले खिडकीत,
ओतियाने मोरचुदाचे खडे दोऱ्याला टांगले
आणि रोज येऊन त्यांची उंची मोजली,
धाकट्या भावाची मोजावी तशी.

पिक्रिया मात्र कपाटाशी उभी.
मागच्या फळीवर रशियन चिठ्ठीची एक बाटली,
तळाला काळपट जांभळे कण.
"हे काय?"
बाई म्हणाल्या, "आपलाच डोंगर.
मँगनीज. इथून खणून नेलं,
कुठल्याशा कारखान्यात शहाणं केलं,
आणि बाटलीत घालून आपल्यालाच विकलं."

खाली नदी काळी वाहत होती, नेहमीसारखी.
पेल्यातल्या पाण्यात एकच कण पडला
आणि असं जांभळं पसरलं
की मी, रंगात आयुष्य घातलेला माणूस,
हातातला ब्रश विसरलो.

तिने गाळणकागदावर बाप काढला.
रोपवेच्या डब्यात, पाळी संपवून,
उभ्या उभ्या झोपलेला.
जांभळी टोपी, जांभळे खांदे,
काचेवर टेकलेलं कपाळ तेवढं कोरं.
मी तिथे काहीच सुचवलं नाही.
मास्तराला हे क्वचित जमतं.

सकाळी कुलूप काढलं तर
चित्र तपकिरी.
टोपी, खांदे, डबा, तार,
सगळं कुणीतरी चहात बुडवून काढल्यासारखं.
वरून परीक्षक निघालेले, कुताइसीहून.
पिक्रिया रडली नाही. वाकून वास घेतला फक्त.

"कागदाने रंग खाल्ला का हो बाई?"
"उलट. रंगाने कागद खाल्ला.
खाता खाता त्याचं जांभळेपण गेलं.
आता जे उरलंय ना,
ते खाणीत सापडतं तेच."

पहिलं बक्षीस ओतियाच्या खड्यांना मिळालं.
योग्यच होतं.
ते आदल्या दिवशी होते तसेच होते.

संध्याकाळी गुलादी आला, खाणीतून थेट,
दारातच बूट काढू की नको करत.
चित्रासमोर बराच वेळ थांबला.
स्वतःला ओळखलं की नाही, कळलं नाही.
मग टेबलावरची बाटली उचलली, दिव्यापुढे धरली.

"ही होती आमच्याकडे," म्हणाला.
"तू झालीस तेव्हा
तुझ्या आंघोळीच्या पाण्यात एक कण टाकायचो.
फिकट गुलाबी व्हायचं पाणी.
तुझी आई म्हणायची, पुरे, पुरे,
आणि माझा हात थरथरायचा,
जास्त पडला तर पोर भाजेल म्हणून."

एवढं तो वर्षात बोलत नसेल.

मग लेकीचा हात हातात घेऊन
तिची बोटं पाहिली, टोकांशी तपकिरी,
शेजारी स्वतःची ठेवली.
"लिंबू चोळ. जाईल."
थोडं थांबून,
"माझं जात नाही."

पिक्रिया हसली, त्याची टोपी नीट केली,
दोघं जिना उतरून गेली.

मी नळाशी आलो.
माझ्या ब्रशात कुठून कोण जाणे
तिच्या रंगाचा एक कण अडकला होता.
पाणी सोडलं,
भांड्यात फिकट गुलाबी उतरलं,
अगदी फिकट,
तान्ह्या मुलाला चालेल इतकं.

नळ बंद करायला मला जरा वेळ लागला.