फरशीबद्दल काही लिहिलेलं नाही

आल्या दिवशी काढून घेतलं:
पट्टा, मोबाइल, बुटांच्या लेसा,
दाढीनंतर लावायचं पाणी
(ते मी प्यालो असतो, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं)
आणि खिशातला तिकिटं टोचायचा पंच,
एस.टी.चा, परत करायचा राहून गेलेला.
लांजेवारनं वहीत लिहिलं, 'चिमटा, लोखंडी, एक.'
मी दुरुस्ती केली नाही.

जेवणाच्या खोलीत भिंतीवर एकवीस नियम,
निळ्या ऑइलपेंटनं.
सतरावा वाचता येत नाही,
तिथं हात टेकून सगळे चपला घालतात.
साडेपाचला घंटा, सहाला हजेरी.
चहा अर्धा कप, मागायचा नाही.
संत्री मिळतात ती समोर बसून खायची, साली मोजून द्यायच्या,
कारण मागच्या हिवाळ्यात उमाठेनं
टाकीमागं डब्यात काहीतरी आंबवलं होतं.
उमाठे आता स्वयंपाकघरात आहे. साली तोच मोजतो.

फोन रविवारी. दहा मिनिटं, स्पीकरवर.
ती विचारते, जेवले का?
मी म्हणतो, हाओ.
मग तिच्याकडचा कुकर
आणि माझ्याकडची लांजेवारची खुर्ची
एकमेकांशी बोलतात.
आठ मिनिटं उरतात. ती कोणीच कापून घेत नाही.

मे महिन्यात माझ्याकडं कूलर आले.
सहा कूलर, बावीस बादल्या, दिवसातून दोनदा.
हिंगण्याकडून येणारा वारा भट्टीतून काढल्यासारखा,
पण ताट्या भिजल्या की खोलीभर वाळा दरवळतो,
आणि माणसं बोलायची थांबतात.
इथं नशेच्या जवळ जाणारं एवढंच काय ते आहे.
त्यावर अजून नियम नाही. मीही कोणाला सांगितलेलं नाही.

नियम नऊ: पिण्याचे किस्से सांगायचे नाहीत.
नियम चौदा: रात्री दहानंतर दुसऱ्याच्या पलंगावर बसायचं नाही.

प्रज्योत मंगळवारी आला. जरीपटक्याचा. एकोणीस वर्षांचा.
आधी पंक्चरचं सोल्यूशन, मग पावडर.
तिसऱ्या रात्री पलंगाच्या पट्ट्या वाजायला लागल्या.
'काका,' तो म्हणाला,
'हाडाले कोणी आतून कानस मारून राहिलं.'
डॉक्टरची गोळी देऊन झाली होती. पुढची सहाला.

मी चौदावा नियम मनात परत वाचला.
पलंग, म्हणतो. फरशीबद्दल काही लिहिलेलं नाही.

खाली बसलो. फरशी दिवसभराची गरम.
काय बोलायचं ते सुचेना,
म्हणून सुचलं तेवढं बोललो:
सक्करदरा. दिघोरी नाका. विहीरगाव.
अठरा वर्षं हीच गाडी केली, नागपूर–उमरेड, जाऊन येऊन.
विहीरगावला एक म्हातारी कोंबड्यांचंही तिकीट मागायची,
हिशोबाला पक्की.
मग पाचगाव.
पाचगावला गाडी पाच मिनिटं थांबते.
मी कुठं जायचो, ते सांगितलं नाही.
नियम नऊ.
त्या पाच मिनिटांचेच पुढं साडेसहा हजार कमी भरले कॅशमध्ये.
'मग?' तो म्हणाला.
मग चांपा, मी म्हणालो. चढ आहे. ड्रायव्हर गिअर टाकतो,
सगळी गाडी एकदम मागं झुकते, झोपलेली माणसंसुद्धा.

दोनच्या सुमाराला टॉर्च आला.
लांजेवार म्हणाला, 'चौदा नंबर.'
मी म्हणालो, 'साहेब, खाली आहे.'
त्यानं उजेड फरशीवर टाकला, माझ्या पायांवर टाकला,
मग टॉर्च बंद केला.
थोड्या वेळानं साखरमिठाचं पाणी आणून ठेवलं,
दोन ग्लास.
वहीत काय लिहिलं, माहीत नाही.

'पुढचा स्टॉप?' पोरानं विचारलं असेल, किंवा मला वाटलं.
पट्ट्या वाजायच्या थांबल्या होत्या.
उदासा यायचं होतं अजून.
मी घंटीची दोरी ओढल्यासारखा हात वर केला,
अंधारात, कोणासाठीच नाही,
आणि गाडी तिथंच उभी ठेवली.

साडेपाचला उठायचंय. बावीस बादल्या.