पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

सुनावणी शाळेच्या जिममध्ये होती.
बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल,
आणि लवादाचा शिक्का, जो मी विनिपेगहून
सहा आसनी विमानात मांडीवर ठेवून आणला.

अध्यक्ष लॉर्न पेट्राक यांनी आल्या आल्या
आपली खुर्ची मंचावरून खाली घेतली.
नव्या मार्गदर्शिकेत तसं लिहिलंय.
मी नोंदवलं: स्थानापन्न, दहा वाजून चार मिनिटं.
हॅरिएट ओकिमाव मात्र उभ्याच.

शपथेसाठी मी पुस्तक पुढे केलं.
त्या म्हणाल्या, हे हातात देऊन
माझ्या आईचं नाव बदललं होतं.
दुसरं काही आहे का?

गरुडाचं पीस चालतं, तेही मार्गदर्शिकेत आहे.
पण माझ्या पेटीत नव्हतं.
त्यांचा भाचा ट्रकमधून आणायला गेला,
बर्फातून, सावकाश.
मी लिहिलं: अकरा मिनिटं. पीस येईपर्यंत.

अर्जदाराचा पत्ता?
बोट असेल तर दाखवते, म्हणाल्या,
वरून चूल दिसत नाही, पण जागा मला ठाऊक आहे.

मग जुनी फाईल निघाली, चौऱ्याहत्तरची.
त्यांच्या वडिलांची, मोझेस ओकिमाव यांची साक्ष
मी मोठ्यानं वाचली:
*पानं आली, म्हणून आम्ही घर सोडलं.
पानं माझ्या आईच्या थडग्यावरून गेली.
आठ दिवसांत पानं खिडकीपर्यंत होती.*
आणि खाली निर्णय, दीड ओळीचा:
स्थलांतर ऋतुमानानुसार. धरणाशी संबंध नाही.
दावा फेटाळला.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
हसू बाकाबाकांवरून पुढे आलं,
आणि हॅरिएटपाशी पोचेपर्यंत त्याचं काहीतरी झालं.

दुभाषी डेल्फीन उठली. म्हणाली,
निपी म्हणजे पाणी.
नीपी म्हणजे पान.
पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी.
एवढंच.

वीज कंपनीच्या वकीलबाईंनी हरकत घेतली:
मुदत केव्हाच संपली आहे.
पेट्राक बराच वेळ नियम चाळत राहिले.
नियम एकेचाळीस: लेखनदोष
कधीही दुरुस्त करता येतो.
कधीही, त्यांनी पुन्हा वाचलं,
जणू तो शब्द त्यांनाही नवा होता.

साक्षीच्या तळाशी टंकलेखकाची आद्याक्षरं होती.
माझ्याच पदावरचं कुणीतरी,
घाईत असेल, विमान गाठायचं असेल.
मी पेन काढलं.
पान खोडलं, पाणी लिहिलं. तीनदा.
बाजूला सही, तारीख, शिक्का.
तळं काही इंचभरही उतरलं नाही.

आता म्हणून दाखव, हॅरिएट म्हणाल्या.
मी म्हटलं.
लांबवलंस, त्या म्हणाल्या,
मला पुन्हा पानांत बुडवलंस.
आणि या वेळी त्या स्वतःच हसल्या,
पीस मांडीवर, उलटं धरलेलं.

निर्णय राखून ठेवला आहे.

परतीच्या विमानात, खाली ते पांढरं, सपाट,
मी ओठांतल्या ओठांत घोकत होतो:
आखूड. आखूड.
पायलटनं विचारलं, काही म्हणालात?
म्हटलं, पाणी.
त्यानं मागे न बघता
बाटली पुढे केली.